नय्यर साहेबांचा हुकमाचा एक्का

गुणवंत खानझोडे फेब्रुवारीत गेले आणि त्यांच्यामागे शनिवारचा पोकरचा डावही मोडला. खेळणारे मुळात तीनच. गुणवंतराव, रेल्वेतून निवृत्त झालेले नय्यर साहेब आणि सरकारी शाळेच्या माजी मुख्याध्यापिका सूदबाई. आता दोघांत पोकर खेळता येत नाही असं नाही, पण ते म्हणजे दोघांनीच पंगत मांडल्यासारखं. एकाने वाढायचं, दुसऱ्याने जेवायचं. उन्हाळाभर त्या दोघांनी तसं करून पाहिलं, भांडून पाहिलं, आणि शेवटी एका दुपारी नय्यर साहेबांनी खानझोड्यांच्या दाराची बेल वाजवली.

“भाभीजी, हमें एक तीसरा चाहिए,” ते म्हणाले. त्यांचा आवाज असा, की खाली पार्किंगमधल्या माणसालाही वाटावं आपल्यालाच हाक मारली. “और बाहर का कोई हमें चाहिए नहीं.”

“ठीक है,” पद्मजाबाई म्हणाल्या.

त्यांना पोकर येत नव्हता आणि शिकायची हौसही नव्हती. पण नाही म्हणायला जेवढं बळ लागतं, त्याच्या निम्म्यानेच हो म्हणता येतं, आणि त्यांच्याकडे सध्या तेवढंच होतं. गुणवंतराव गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. दिल्लीच्या द्वारका भागातल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणायच्या, पद्मजाताई फार खंबीर हो. कसल्या खंबीर? दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं त्यांचं झालं होतं, एवढंच. भाजीत मीठ कमी आहे की जास्त, हे त्यांना कळायचं. त्याचं काही वाटायचं नाही. डोक्यावरून विमानं जायची, बोलणारा माणूस तेवढ्यापुरता थांबायचा, आणि तो पुन्हा बोलायला लागला तरी पद्मजाबाई थांबलेल्याच असायच्या.

असं हो म्हणता म्हणताच त्यांचं घरही चाललं होतं. मुलगा सुयश बंगळुरूला नोकरीला. जून महिन्यात नागपूरहून दामूअण्णांचा फोन आला. दामूअण्णा म्हणजे गुणवंतरावांचे थोरले भाऊ, घराण्यातले शेवटचे वडीलधारे आणि ते एका क्षणासाठीही न विसरणारे. म्हणाले, “हे बघ पद्मजा, सुयशचा हट्ट आहे. तुला एकटीला दिल्लीत ठेवायला तो तयार नाही. घर भाड्याने द्यायचं आणि तू त्याच्याकडे जायचंस. आता तू मोडता घालू नकोस.” त्या म्हणाल्या, बरं. दिवाळीत सुयश येणार, तो आला की रविवारी भाडेकरू घर पक्कं करायला येणार, आणि नंतर महिन्याभरात सामान हलणार, असं ठरलं. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये उमेदीची सगळी वर्षं काढून त्यांनी आणि गुणवंतरावांनी हे घर घेतलं होतं. खरं सांगायचं तर त्यांना जायचं नव्हतं. एवढी एकच गोष्ट आत कुठेतरी हलत होती, पण ती तोंडापर्यंत येईस्तोवर दमून बसायची.

तर पोकर. सोसायटीच्या क्लबरूममध्ये टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावलेलं, मधे एक साधं टेबल, आणि पैशांच्या जागी राजम्याचे दाणे. नय्यर साहेबांनी पत्ते उलगडून मांडले आणि मोठ्या उत्साहाने शिकवायला घेतलं.

काहीच जमलं नाही तर ज्याचं मोठं पान तो जिंकला. त्याच्यावर जोडी. त्याच्यावर दोन जोड्या. मग तीन सारखी. मग पाच पानं ओळीने, म्हणजे स्ट्रेट. मग पाच एका रंगाची, म्हणजे फ्लश.

“थांबा,” पद्मजाबाई म्हणाल्या. “तीन पत्तीत तर ओळ मोठी आणि कलर छोटा.” मंत्रालयात दिवाळीच्या आधल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या तेवढं खेळल्या होत्या.

“वो तीन पत्तों का हिसाब है, भाभीजी. पाँच में कलर ज्यादा मुश्किल से बनता है. जो मुश्किल, वो बड़ा.”

पुढे फुल हाउस, म्हणजे तीन सारखी आणि वर एक जोडी. मग चार सारखी. मग एकाच रंगाची ओळ, आणि त्यात एक्क्यापर्यंत पोचलेली असेल तर तिच्यावर कोणी नाही. पद्मजाबाईंनी ते सगळं मुकाट्याने डोक्यात घातलं. आयुष्यभर मंत्रालयात काम केलेल्या बाईला कोण कोणाच्या वर, हे शिकायला वेळ लागत नाही.

बरोबरी झाली तर काय, हा भाग सूदबाईंचा. नियम म्हटला की त्यांना तरतरी यायची. दोघांचीही जोडी निघाली तर मोठी जोडी जिंकते. दोघांकडे राजांचीच जोडी असेल तर बाजूचं पान बघायचं, त्याला किकर म्हणतात. तेही सारखं तर त्याच्या बाजूचं. दोन जोड्या असतील तर आधी मोठी जोडी ताडून बघायची, मग लहान, मग उरलेलं पाचवं पान. फुल हाउसमध्ये आधी तीन कोणाची मोठी ते बघायचं. पद्मजाबाईंच्या मनात आलं, नवरा-नवरी दोन्हीकडची तोलामोलाची निघाली की करवली कोणाची देखणी, असं बघण्यातलाच हा प्रकार. पण त्या बोलल्या नाहीत. करवली हिंदीत कशी सांगणार?

“और पाँचों के पाँच बराबर हो जाएँ?” त्यांनी विचारलं.

“तो आधा-आधा,” सूदबाई म्हणाल्या. “छठा, सातवाँ पत्ता कोई नहीं देखता. पाँच बराबर तो दोनों बराबर.”

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. दोन पानं प्रत्येकाच्या हातात आणि पाच टेबलावर उघडी, अशी रीत. शेवटचं पान उघडलं तेव्हा सूदबाईंनी चष्मा पुसत विचारलं, “पान है क्या?” पद्मजाबाईंनी टेबलाकडे पाहिलं, पाचही पानं जागच्या जागी होती. त्या म्हणाल्या, “हाँ, पाँच हैं.” नय्यर साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग उलगडा झाला की हिंदीत पान म्हणजे फक्त बदाम. मराठीत आपण सगळ्याच पत्त्यांना पान म्हणतो, हे ऐकून सूदबाईंना मोठं नवल वाटलं. दिल्लीत निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं, हिंदीत भांडणं केली, सासऱ्यांच्या आजारपणात हिंदूराव इस्पितळाच्या चकरा मारताना हिंदीतच विनवण्या केल्या, पण पत्ते पद्मजाबाई घरातच खेळल्या होत्या आणि घरात किलवर, चौकट, बदाम, इस्पिकच चालायचं. बदामाचं हिंदी त्या दिवशी कळलं. बाकीच्या तिघांचं विचारावं, असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मग दर शनिवारी त्या खाली जाऊ लागल्या. आणि नवल म्हणजे जिंकूही लागल्या. नय्यर साहेबांना चांगली पानं आली की त्यांच्या भुवया त्यांचं ऐकायच्या नाहीत. सूदबाई वाईट पानं आली की घसा खाकरायच्या. पद्मजाबाईंच्या चेहऱ्यावर मात्र रेघ हलत नसे.

“गुणवंत ने आपको छुपा के क्यों रखा था?” नय्यर साहेब एकदा म्हणाले. “ऐसा चेहरा तो लोग सालों की मेहनत से बनाते हैं.”

सूदबाईंनी त्यांना टेबलाखालून पाय मारला. पद्मजाबाईंनी तो पाय पाहिला आणि राजमा गोळा केला. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं कारण दाखवण्यासारखं आत काही नव्हतं, ही गोष्ट त्या माणसाला कशी सांगावी?

दिवाळीच्या आधीचा शनिवार आला. यंदा खानझोड्यांकडे सुतक फिटलं तरी दिवाळी नव्हती, वर्षाच्या आत सण करत नाहीत. सुयश आदल्या दिवशीच आला होता आणि बाबांच्या खोलीतली पुस्तकं खोक्यांत भरत होता. दुसऱ्या दिवशी भाडेकरू येणार होते. पद्मजाबाईंनी त्याला जेवायला वाढलं, हात पुसले आणि त्या खाली गेल्या.

तिसऱ्या की चौथ्या डावात त्यांना बदामाचा एक्का आणि किलवरचा राजा आला. टेबलावर चौकटचा एक्का उघडला, मग किलवरची राणी, बदामची नव्वी, आणि पुढे एक छक्की आणि एक तिर्री. म्हणजे एक्क्यांची जोडी आणि सोबत राजा. सूदबाई डावातून केव्हाच बाहेर पडल्या होत्या. नय्यर साहेब राजमा सरकवत राहिले, पद्मजाबाईही सरकवत राहिल्या. मधे चांगला पेलाभर ढीग झाला. शेवटी नय्यर साहेबांनी पानं दाखवली. त्यांच्याकडेही एक्का आणि राजाच. पण साधी पानं साधेपणाने दाखवतील तर ते नय्यर कसले. राजा त्यांनी नुसता ठेवला, आणि एक्का मात्र हात वर नेऊन टेबलावर आपटला.

“ये लीजिए! हुकुम का इक्का!”

पद्मजाबाईंनी तो काळा एक्का पाहिला. हुकमाचा एक्का. मेंढीकोट खेळून वाढलेल्या बाईला त्याच्यापुढे काय सांगायचं? हुकमाची दुर्रीदेखील दुसऱ्याच्या राजाला कापते, हा तर एक्का होता. हा शब्द मागेही दोनतीनदा कानावर आला होता, तेव्हा त्या धरून चालल्या होत्या की या खेळातही कोणीतरी कधीतरी हुकूम ठरवत असणार, आपलं लक्ष नसेल. त्यांनी आपली दोन पानं न दाखवता उपडी केली आणि टाकलेल्या पानांत सरकवून दिली. नय्यर साहेबांनी दोन्ही हातांनी राजमा ओढला.

सूदबाई पत्ते पिसू लागल्या. पिसता पिसता सहज म्हणाल्या, “आपके पास क्या था, पद्मजा जी? बड़ी देर तक टिकीं आज.”

“इक्का और राजा.”

सूदबाईंचे हात थांबले. “तो फिर फेंके क्यों?”

“उनका हुकुम का था ना.”

मग नय्यर साहेब, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच त्या खोलीपुरता होता, म्हणाले, “भाभीजी, हुकुम तो बस नाम है. काला वाला. जैसे पान, वैसे हुकुम. इसमें कोई रंग किसी से बड़ा नहीं होता.”

“म्हणजे इस्पिक?” पद्मजाबाई मराठीतच म्हणाल्या.

“जो भी आप लोग कहते हों. जोड़ी बराबर, बादशाह बराबर, बाकी तो टेबल का था. आधा आपका था.” आणि त्यांनी ढिगातला निम्मा राजमा तळहाताने त्यांच्याकडे ढकलला.

सूदबाईंनी तो मधेच अडवला. “नहीं नय्यर साब. जो पत्ते फेंक दिए, वो मर गए. ये गुणवंत जी का ही बनाया नियम है.” बोलल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं, पण नियम तो नियम, त्यांनी हात काढला नाही.

पद्मजाबाई त्या दाण्यांकडे पाहत बसल्या. त्यांना राग आला. आधी त्यांना कळेचना हे काय आहे. कानाच्या पाळ्या तापल्या, वाटलं रक्तदाब असेल. मग कळलं की राग आहे. राजम्याच्या दाण्यांवरून, बासष्टाव्या वर्षी! पण तो राजम्याचा नव्हताच. निम्मं आपलं होतं आणि एका शब्दाच्या दणक्याने आपण ते न दाखवता टाकून दिलं, आणि मेलेल्या नवऱ्याचा नियम असा की टाकलेलं परत मिळत नाही, याचा होता.

फेब्रुवारीतली ती सकाळ त्यांच्यासमोर उभी राहिली. गुणवंतरावांना खाली गाडीत ठेवलं होतं. पद्मजाबाई चप्पल घालून दारात आल्या होत्या. दामूअण्णा जिन्यात उभे होते. “तू कुठे निघालीस? आपल्यात बायका स्मशानात जात नाहीत,” ते म्हणाले. ओरडले नाहीत, समजावलंही नाही. नुसतं सांगितलं, ज्या आवाजात ते आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले होते त्या आवाजात. आणि पद्मजाबाईंनी चपला काढल्या. चाळीस वर्षांचा संसार, आणि नवरा शेवटच्या वाटेवर निघाला तेव्हा त्या चपला काढून घरात आल्या, आणि कोणीतरी दिलेला चहा प्यायल्या. दामूअण्णांना हुकूम कोणी केलं होतं? कोणीच नाही. त्यांनी पान आपटलं आणि बाकीच्यांनी मान खाली घातली, एवढंच झालं होतं.

“मैं घर जाती हूँ,” त्या म्हणाल्या. नय्यर साहेब उठले, काहीतरी बोलायला गेले, पण सूदबाईंनी त्यांना बसवलं.

सुयश बाबांच्या खोलीत जमिनीवर बसला होता, समोर चिकटपट्टी लावलेली खोकी. पद्मजाबाई दारातच उभ्या राहिल्या.

“सुयश, मला बंगळुरूला यायचं नाही.”

तो वळला. त्याला धक्का बसेल, तो वाद घालेल, असं त्यांना वाटलं होतं. त्याने हातातली कात्री खाली ठेवली. “अच्छा,” तो म्हणाला. “मग अण्णाकाकांना तू का सांगितलंस?”

“काय सांगितलं?”

“की तुला इथे राहवत नाही. माझ्याकडे यायचंय. ते म्हणाले, आई स्वतः बोलणार नाही, तूच पुढाकार घे.”

“मी?” पद्मजाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. “मला त्यांनी सांगितलं की तुझा हट्ट आहे.”

सुयश हसला नाही. त्याने हिशेब जुळवून पाहिला आणि तो जुळला. “मी कुठे हट्ट केला, यार,” तो म्हणाला. आईला यार म्हणायची दिल्लीतल्या पोरांची खोड त्याची गेली नव्हती. “मला तर वाटत होतं तू तिकडे कंटाळशील. इथे तुझं सगळं आहे. पण तुला यायचंय म्हटल्यावर मी काय बोलणार?”

“उद्या त्या लोकांना नको म्हणून सांग.”

“सांगतो.”

इथे खरं तर संपायला हरकत नव्हती. घर राहिलं, बाई राहिली. पण राग अजून शिल्लक होता, आणि इतक्या महिन्यांनी आलेली ही एकुलती एक गोष्ट पद्मजाबाई अर्धी सोडायला तयार नव्हत्या.

“आणि दुसरं,” त्या म्हणाल्या. “मला त्या दिवशी स्मशानात यायचं होतं. अण्णांनी मला जिन्यातून परत पाठवलं. तू खाली गाडीत बसला होतास. तू एका शब्दाने विचारलं नाहीस, आई कुठे आहे म्हणून.”

चिकटपट्टीचं टोक सुयशने नखाने उचकटलं, पुन्हा चिकटवलं.

“विचारलं होतं,” तो म्हणाला. “काका म्हणाले, ती नको म्हणते, तिला झेपणार नाही. मला वाटलं, तुलाच बघवत नसेल. सगळे होते तिथे. काका, नय्यर अंकल, सोसायटीचे लोक. अग्नी देताना पंडितजी म्हणाले, घरचे पुढे या. मी मागे वळून पाहिलं. पागलसारखं. माहीत होतं तू नाहीयेस, तरी पाहिलं. तिसऱ्या दिवशी फूल चुनायला गेलो तेव्हा पण पाहिलं.”

फूल चुनायला. पद्मजाबाईंना क्षणभर फुलंच दिसली. मग कळलं, पोरगा अस्थी सावडण्याबद्दल बोलतोय. त्याला तो शब्द मराठीत कोणी शिकवलाच नव्हता. शिकवायची वेळ कशाला येईल, असंच आईबापांना वाटत असतं.

सुयश रडत होता. वयाची तिशी ओलांडलेला मुलगा, खोक्यांच्या मधे बसून, आवाज न करता. पद्मजाबाईंना रडू येत नव्हतं. आत पुष्कळसं अजून तसंच बधिर होतं, आणि ते आज जाणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण त्यांना उठता येत होतं. त्या उठल्या, त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. गुडघे वाजले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“उद्या सकाळी मला तिथे घेऊन चल,” त्या म्हणाल्या.

“आई, तिथे आता काही नसणार.”

“नसू दे,” पद्मजाबाई म्हणाल्या. “आपण दोघं तर असू.”